मक्यातलं मैदान: ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ हा बेसबॉलचा सिनेमा की शेतीचा?

पाणंद

नमस्कार मंडळी. मी मूळचा शिरूरकडचा. पुण्यात ट्रॅक्टरच्या कंपनीत होतो, आता दोन वर्षं त्याच कामासाठी अमेरिकेत आयोवा राज्यात, वॉटरलूला आहे. गेल्या शनिवारी बायकोला आणि मुलीला घेऊन डायर्सव्हिलला जाऊन आलो. ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ (१९८९) तिथे चित्रित झाला. केव्हिन कॉस्टनर रे किन्सेला नावाच्या शेतकऱ्याचं काम करतो. त्याला संध्याकाळी मक्यात उभं असताना एक आवाज ऐकू येतो, आणि त्या आवाजाच्या भरवशावर तो पिकात ट्रॅक्टर घालून बेसबॉलचं मैदान करतो. मग मक्यातून एकेक जुना, कधीच मेलेला खेळाडू बाहेर येऊन खेळायला लागतो.

हॉस्टेलवर असताना पाहिला होता तेव्हा शेवटी बाप-लेक चेंडू झेलतात तेवढंच लक्षात राहिलं होतं. परवा तिथे उभा राहिलो आणि काहीतरी वेगळंच वाटलं. वीस नंबरच्या हायवेनं जाताना दोन्हीकडे नुसता मका. डोक्याच्या वर गेलेला, तुरे आलेले. गाव चार हजार वस्तीचं. दोन मनोऱ्यांचं मोठं चर्च आणि खेळण्यातल्या ट्रॅक्टरांचं संग्रहालय (मुलगी तिथून निघेना). गावाबाहेर पांढरं घर, ओसरी, बसायला लाकडी पायऱ्या, मैदान. आणि मैदानाला जिथे कुंपण असायला हवं तिथे मका सुरू होतो. कुंपण नाहीच. मी उजव्या हाताला चालत गेलो आणि गवत संपलं तसा दोन पावलांत मक्याच्या सरीत होतो. वाऱ्यानं पानं एकमेकांवर घासतात तो आवाज ऐकला आणि आमच्या घरामागचा मका आठवला.

तेव्हापासून डोक्यात आहे की हा सिनेमा त्या जमिनीचा आहे. बेसबॉल हे निमित्त. हीच गोष्ट शिकागोच्या स्टेडियममध्ये घडू शकली नसती. तुम्हाला काय वाटतं?

मृण्मयी_

आवडता सिनेमा! निवांत लिहिते.

सोलापुरी_चादर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. या धाग्याला दुसरं काही शोभणारच नाही.

कोरडवाहू

पाणंद, लेखन आवडलं, पण मी विरोधी पार्टीत.

मी लातूर जिल्ह्यातला, घरची शेती आहे आणि अजून करतो. हा सिनेमा मी पहिल्या अर्ध्या तासात बंद केला होता. कारण एकच. उभ्या पिकात ट्रॅक्टर घालणं. मका कंबरेएवढा असो नाहीतर डोक्याएवढा, ज्यानं पेरलं, निंदलं, खत टाकलं तो माणूस हसत हसत त्यात ट्रॅक्टर घालणार नाही. आमच्याकडे उभ्या पिकात नांगर घालतात तेव्हा भाव पडलेला असतो, काढणीची मजुरीसुद्धा निघत नसते. कोथिंबीर, टोमॅटो, कांदा, सगळ्यांनी पेपरात फोटो पाहिलेत. तो घालताना माणूस कोणाशी बोलत नाही, घरी येऊन जेवत नाही. आणि इथे मागे गोड संगीत चाललंय.

शेतीचा सिनेमा म्हणाल तर शेतकऱ्यानं बनवलेला नाही एवढं नक्की.

बांधावरची बाभूळ

कोरडवाहू, +१. पोटात गोळा आला होता ते बघताना.

मृण्मयी_

कोरडवाहू, तुमचं दुःख पटलं, पण त्या प्रसंगात अजून एक गोष्ट आहे. रे हा मुळात शेतकरी नाहीच. तो न्यूयॉर्कचा, ब्रुकलिनचा. कॅलिफोर्नियात कॉलेजात शिकला, तिथे आयोवाच्या मुलीच्या प्रेमात पडला आणि छत्तिसाव्या वर्षी शेती करायला आला. म्हणून तर लांबून बघणारे गावकरी त्याला वेडा समजतात. तुम्ही अर्ध्या तासात जे म्हणालात तेच ते म्हणतायत! दिग्दर्शक फिल अल्डन रॉबिन्सननं तुमची बाजू सिनेमात ठेवलीय.

मला मात्र खरी आयोवाची वाटते ती त्याची बायको अ‍ॅनी. जमीन तिच्या मुलखातली, सगळी गणितं तिला कळतात, आणि तरी ती म्हणते कर. नुसता होकार देऊन थांबत नाही, हिशोबाची वही घेऊन बसते आणि आपण किती बुडणार आहोत ते त्याला सांगते. शाळेच्या सभेत पुस्तकांवर बंदी घालायला निघालेल्या बाईशी ती भांडते तो प्रसंग तर मी तीनदा पाहिला. एमी मॅडिगननं काय काम केलंय!

अवकाळी

मी तीस वर्षं शेतीकर्जाच्या विभागात काढली, त्यामुळे हा सिनेमा मी पाहिला तो कर्जाचा सिनेमा म्हणून. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

रे ची जमीन जाणार असते ती मैदानामुळे, असं सगळे धरून चालतात. हिशोब करून बघू. बेसबॉलचं मैदान फार तर तीन एकर. १९८७ साली अमेरिकेत मक्याचा सरासरी उतारा एकरी १२० बुशेलच्या आसपास होता. एक बुशेल मका म्हणजे साधारण साडेपंचवीस किलो, म्हणजे एकरी तीस क्विंटल धरा. भाव बुशेलला दोन डॉलरच्या आसपास. तीन एकरांचे ३६० बुशेल, झाले सातशे-साडेसातशे डॉलर. मैदान बांधायला, दिव्यांना पैसे गेले ते वेगळे, शिल्लक संपली हे खरं. पण नुसत्या बुडालेल्या मक्यानं कोणाचं शेत जात नाही.

शेत जातं ते आधीच्या कर्जानं. सत्तरच्या दशकात अमेरिकी शेतकऱ्याला सांगितलं गेलं की पेरा, वाढवा, जग विकत घेईल. जमिनीचे भाव चढत गेले आणि चढत्या भावाच्या तारणावर बँका कर्ज देत गेल्या. मग महागाई आवरायला व्याजदर चढवले. १९८० च्या अखेरीस मोठ्या बँकांचा मूळ दर २० टक्क्यांच्या वर होता. त्याच वर्षी जानेवारीत कार्टर सरकारनं सोव्हिएत रशियाला धान्य विकण्यावर बंदी घातली. आयोवात १९८१ साली जमिनीला एकरी सरासरी २,१४७ डॉलर भाव होता, १९८६ साली ७८७. पाच वर्षांत जमीन तीच, माती तीच, तारण मात्र एक तृतीयांश उरलं. कर्ज तसंच. मग जप्ती, लिलाव. १९८५ साली विली नेल्सन वगैरे गायकांनी शेतकऱ्यांसाठी ‘फार्म एड’ नावाचा मोठा कार्यक्रम केला तो यामुळेच.

सिनेमाचं चित्रण १९८८ सालचं. त्यात बायकोचा भाऊ कागद घेऊन येतो आणि सही कर म्हणतो, तो खलनायक नाही. तो वेळेवर विकून मोकळा हो म्हणणारा व्यवहारी माणूस आहे. असे माझ्या टेबलासमोर खूप बसून गेले, दोन्ही बाजूंचे. पाणंद, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हो.

कोरडवाहू

अवकाळी सर, दंडवत. सातशे डॉलरचा हिशोब मी कधी केलाच नव्हता. परत पाहतो, या वेळी वडिलांना घेऊन.

फिरकीवाला

बेसबॉलवाल्यांची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

मक्यातून पहिला येतो तो ‘शूलेस’ जो जॅक्सन. हा खरा माणूस. दक्षिण कॅरोलायनातल्या सूतगिरणीतला मुलगा, लिहिता-वाचता येत नव्हतं. नवे बूट चावले म्हणून एक सामना नुसत्या मोज्यांवर खेळला, त्यावरून नाव पडलं. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर जुगाऱ्यांचे पैसे घेऊन हरल्याचा आरोप झाला, त्यात हा. पाच हजार डॉलर घेतल्याचं त्यानं कबूल केलं होतं, पण त्या मालिकेत त्याची फलंदाजीची सरासरी .३७५ होती (बेसबॉलमध्ये ही फार चांगली), म्हणून लोक आजही भांडतात. १९२१ मध्ये कोर्टानं सगळ्यांना सोडलं आणि लगेच बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांनी आठही जणांवर कायमची बंदी घातली. अझरुद्दीन-क्रोनिए प्रकरण ज्यांनी कोवळ्या वयात पाहिलं त्यांना रे चा बाप कळेल. त्याचा हिरो जॅक्सन होता, आणि मुलगा त्याला तोंडावर म्हणाला की ज्याचा हिरो गुन्हेगार आहे त्या माणसाचा मी मान ठेवू शकत नाही. तेवढं बोलून घर सोडलं आणि परत भेट नाही.

एक चूक: जॅक्सन डावखुरा फलंदाज, फेकायचा उजव्या हातानं. सिनेमात जॅक्सनचं काम करणारा नट रे लिओटा बरोबर उलटं करतो.

आणि बातमी जुनी नाही. २०२५ च्या मे महिन्यात ती बंदी उठली. मेलेल्या माणसाला कायमच्या बंदीत ठेवायचं नाही असं ठरलं. माणूस जाऊन सत्तराहून जास्त वर्षं झाली होती.

सोलापुरी_चादर

म्हणजे सिनेमात ३६ वर्षं आधीच बंदी उठवली होती. मक्याच्या रानात.

निळावंती

मला कोणी डॉक्टर ग्रॅहमबद्दल बोलेल का म्हणून वाट बघत होते. नाही बोललं कोणी, तर मीच.

आर्चिबाल्ड ‘मूनलाइट’ ग्रॅहम हाही खरा. १९०५ साली न्यूयॉर्क जायंट्सकडून एकच सामना खेळला, २९ जूनला, आणि बॅट हातात यायची वेळच आली नाही. मग मिनेसोटातल्या चिझम नावाच्या लोखंडाच्या खाणींच्या गावात आयुष्यभर डॉक्टरकी केली. शाळेच्या मुलांना तपासायचा, मुलांच्या रक्तदाबावर त्यानं अभ्यासही केला होता. १९६५ मध्ये गेला. सिनेमात साल बदललीयत, पण माणूस तोच. बर्ट लँकेस्टरनं म्हातारपणी केलेली भूमिका आहे ही.

त्यातला एक क्षण. तरुण ग्रॅहम मैदानात खेळतोय, रे ची मुलगी पायऱ्यांवरून पडते, श्वास अडकतो. मैदानाची रेघ ओलांडली की तो परत म्हातारा डॉक्टर होणार, पुन्हा खेळता येणार नाही, हे त्याला माहीत आहे. तो रेघ ओलांडतो. मी तालुक्याच्या गावात बावीस वर्षं प्रॅक्टिस करतेय. शहरात राहिले असते तर काय काय झालं असतं हे वर्गमित्र भेटले की ऐकते. त्या रेघेपाशी तो जरा थांबतो तेव्हा मला घशाशी येतं, दर वेळी.

पाणंद

निळावंतीताई, ती रेघ, त्या पायऱ्या सगळं आहे तिथे. माझी मुलगी त्याच पायऱ्यांवर उड्या मारत होती आणि मी दहा वेळा ओरडलो असेन.

बांधावरची बाभूळ

अवांतर: तिथला मका भाजून खाता येतो का हो? कणसं तोडली का एखादं?

पाणंद

नाही, नाही! तोडायचं नसतं. आणि तो खायचा मका नव्हेच. आयोवातला बहुतेक मका दातेरी दाण्याचा. डुकरांना, गुरांना खाद्य आणि इथेनॉल. गोड मका वेगळा, तो रस्त्याकडेला गाडी लावून विकतात. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात मी लिंबू-मीठ-तिखट लावून भाजला, तर शेजारीण बघायला आली. ते लोक लोणी लावून खातात.

आजोळ

कार्व्हरचं चरित्र वाचून वाढलेल्या मराठी मुलांना आयोवा नवीन नाही. कार्व्हर इंडियानोलाच्या सिम्प्सन कॉलेजात होता, मग एम्सला शेतकी शिकला. माझ्या मनात आयोवा म्हणजे थंडी, प्रयोगशाळा आणि तो.

पण मूळ प्रश्नावर एक खरी गोष्ट सांगते, ती सिनेमाच्या पन्नासेक वर्षं आधीची. आयोवातच व्हॅन मीटर नावाच्या गावी बिल फेलर नावाचा शेतकरी होता. मुलाचा हात चेंडू फेकायला चांगला म्हणून या माणसानं मका सोडून गहू पेरायला घेतला, कारण गव्हाला राबणूक कमी, पोराबरोबर खेळायला वेळ उरतो. मग १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बाप-लेकांनी शेतातच मैदान केलं, बसायला बाकं, रविवारी सामने, आजूबाजूची गावं बघायला यायची. तो मुलगा बॉब फेलर. १९३६ साली सतराव्या वर्षी क्लीव्हलँडकडून पहिल्यांदा सुरुवातीपासून गोलंदाजीला उतरला आणि पंधरा जणांना बाद केलं.

म्हणजे आयोवाच्या शेतात बापानं पोरासाठी मैदान केलं होतं. सिनेमात पोरगा बापासाठी करतो.

फिरकीवाला

आजोळ, हे मला माहीतच नव्हतं. खूप आभार. फेलर म्हणजे फार मोठं नाव, पण मका सोडून गहू ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली.

आयोवाचं अजून एक. तिथे शाळांचे बेसबॉल सामने उन्हाळ्यात होतात, बाकी अमेरिकेत शाळा चालू असताना वसंतात. पाणंद, खरं ना?

पाणंद

खरं. सहकाऱ्याचा मुलगा खेळतो. जून-जुलैच्या संध्याकाळी दिवे लावून सामने, भोवती रान, दिव्यांवर किड्यांचा ढग.

अवकाळी

मूळ कादंबरीचा लेखक डब्ल्यू. पी. किन्सेला कॅनडाचा, पण लेखन शिकायला आयोवा सिटीला होता. बाहेरून आलेल्याला ती जमीन दिसली. राहणाऱ्याला सवयीनं दिसत नाही कधीकधी.

मृण्मयी_

अवकाळी, हे फार खरं. कादंबरीत रे ज्या लेखकाला बरोबर घेऊन जातो तो जे. डी. सॅलिंजर आहे. सिनेमात त्याचा टेरेन्स मान झाला, काम केलंय जेम्स अर्ल जोन्सनं. त्या आवाजात बेसबॉलवरचं भाषण ऐकताना मला खेळातलं काही कळत नसून डोळे भरतात.

कोरडवाहू

काल रात्री पाहिला, वडिलांबरोबर, पूर्ण. मी मध्येमध्ये मराठीत सांगत होतो.

उभ्या पिकात ट्रॅक्टर गेला तेव्हा ते काही बोलले नाहीत, तंबाखू मळत बसले. मेहुणा कागद घेऊन आला तेव्हा म्हणाले, ‘हा बरोबर बोलतोय, पण आज नको बोलायला होतं.’ अवकाळी सर, तुमचीच आठवण आली. शेवटी बाप-लेक चेंडू झेलतात तिथे मी सांगायचं थांबवलं, गरजच नव्हती. मग अंधार पडतो आणि लांबपर्यंत गाड्यांच्या दिव्यांची रांग येते. त्यांनी विचारलं, एवढ्या गाड्या आल्या कुठून? मी सांगितलं, गावातली माणसं असतील.

नंतर झोपताना एकच प्रश्न विचारला. ‘त्या मैदानाला शेजारच्याचा बांध नव्हता का लागत? त्याला विचारलं होतं का?’

पाणंद, आहे का याचं उत्तर?

पाणंद

कोरडवाहू, काकांना माझा नमस्कार सांगा. नेमका प्रश्न आहे. तिथे गेल्यावर मी हेच वाचत आणि विचारत बसलो होतो.

मैदान खरोखर दोन शेतांत होतं. घर, पायऱ्या, आतलं मैदान आणि उजवी बाजू लॅन्सिंग कुटुंबाच्या जमिनीत. डावी बाजू आणि मधला बराच भाग शेजारच्या अमेसकॅम्प कुटुंबाच्या. बांध मैदानातून गेला होता. सिनेमावाल्यांनी दोघांनाही विचारलं, दोघांशीही ठरवलं.

१९८८ चा उन्हाळा म्हणजे त्या भागातला मोठा दुष्काळ. देशभर मक्याचा उतारा १२० वरून एकरी ८५ बुशेलच्या आसपास आला. सिनेमातला मका वाढेना म्हणून त्याला पाणी दिलं, गवत करपलं त्यावर हिरवा रंग मारला. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी आपला मका वाळताना हा मका वाढताना पाहिला असणार. तरी गाड्यांच्या त्या रांगेत तेच लोक होते. पंधराशेच्या आसपास गाड्या, सगळ्या त्याच भागातल्या. रेडिओवरून सूचना देऊन दिवे कमी-जास्त करायला लावले, म्हणजे गाड्या चालतायत असं दिसावं. काकांचा तो प्रश्नही सुटला बघा.

आणि चित्रण संपल्यावर अमेसकॅम्पनी आपला भाग नांगरला आणि मका पेरला. डाव्या बाजूला परत शेत. लॅन्सिंगनी आपली बाजू तशीच ठेवली. पुढे माणसं यायला लागली, तेव्हा अमेसकॅम्पनीही पुन्हा गवत केलं. बरीच वर्षं एका मैदानाचे दोन मालक, आठवणीच्या वस्तू विकणारी दुकानंही दोन. २००७ मध्ये लॅन्सिंगनी शेजारचा भाग घेतला आणि काही वर्षांनी सगळंच विकलं. जमीन शंभराहून जास्त वर्षं त्यांच्या घरात होती.

मी डाव्या बाजूला जाऊन बांध कुठून गेला असेल ते शोधत होतो. काही दिसत नाही. गवत सारखंच आहे.

फिरकीवाला

आणि २०२१ मध्ये तिथे खरा सामना झाला. सिनेमाच्या मैदानाशेजारी मक्यातच नवं मैदान केलं, आठ हजारांच्या आसपास प्रेक्षक. १२ ऑगस्ट, व्हाइट सॉक्स विरुद्ध यांकीज. व्हाइट सॉक्स, म्हणजे जॅक्सनचाच संघ! ९-८ नं जिंकले, टिम अँडरसनचा शेवटचा फटका सरळ मक्यात. पुढच्या वर्षी शिकागो कब्स आणि सिनसिनाटी रेड्स खेळले. रेड्स म्हणजे १९१९ मध्ये समोर होते तेच. मी तो २०२१ चा सामना पहाटे उठून पाहिला, कॉस्टनर मक्यातून चालत येतो तेव्हा ओरडलो आणि घरचे जागे झाले.

बांधावरची बाभूळ

मला मात्र ते दुखतं. सिनेमात मुलगी म्हणते लोक येतील, तिकीट काढतील, आणि त्या पैशानं शेत वाचेल. लोक आले, आणि शेवटी कुटुंबाकडे शेत राहिलं नाहीच. मैदान राहिलं.

अवकाळी

बाभूळ, पण ते कर्जापायी गेलं नाही. आपल्या मर्जीनं, आपल्या भावानं विकलं. १९८५ मध्ये लिलावात उभं राहिलेल्याला विचारा, यात किती फरक आहे.

बांधावरची बाभूळ

हं. हे मान्य.

कोरडवाहू

पाणंद, सकाळी वडिलांना सगळं वाचून दाखवलं. बांध मैदानातून गेला होता म्हटल्यावर हसले. शेजाऱ्यानं परत मका पेरला म्हटल्यावर मांडीवर थाप मारली, ‘पेरला ना? बास.’ मग सांगितलं की नंतर त्यानं पुन्हा गवत केलं. जरा वेळ गप्प बसले.

आता रानात निघालेत. जाताजाता दारातून विचारून गेले, ‘पीक काढून घेतलं होतं ना आधी?’